पुन्हाचं खोकं

गल्लीत तिला सगळे कानवाली म्हणत. तोंडावर कानवाली ताई, पाठीमागे नुसतीच कानवाली. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची कानाची मशिनं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. जिन्याखालची खोली हेच दुकान. एक लांब टेबल, वाकवता येणारा दिवा, भिंग, बारीक टोकाची सोल्डरिंग गन आणि डॉक्टरांच्या गळ्यात असते तशी एक रबरी नळी. मशीन दुरुस्त झालं की ते त्या नळीला लावून ती स्वतः ऐकून बघायची, मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गिऱ्हाइकं बहुतेक म्हातारी. त्यांची एकच तक्रार असायची, मशीन शिट्टी मारतं. कानातून निसटलेला आवाज परत मशिनमध्ये शिरतो, तिथून मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा आत शिरतो, आणि हे असं फिरता फिरता त्याची शिट्टी होते. ती शिट्टी बंद करण्यात कानवालीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पन्नाशी उलटली होती. लग्न केलं नाही. वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई अशा दोघीच राहत. आई एक्क्याऐंशी वर्षांची, पण ताठ. आता तिलाही कमी ऐकू यायचं, पण लेकीने तीन वेळा मशीन बनवून दिलं तरी तिने ते कानाला लावलं नाही. “मला जेवढं ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालंय,” म्हणायची. त्या घरात एक माणूस होता आणि आता नव्हता, आणि त्याचं नाव काढायचं नाही असा तेवीस वर्षं जुना दंडक होता.

एका मंगळवारी एक कारकून आपल्या आईचं मशीन न्यायला आला. टक्कल पडलेला, बोलघेवडा माणूस. टेबलावरचं नाजूक काम बघून तो म्हणाला, “ताई, तुम्ही दुसरं काही दुरुस्त करता का? माझं गिटारचं एक खोकं बंद पडलंय. मी रविवारी वाजवतो. म्हणजे मी वाजवतो, बायको दार लावून घेते.”

“घेऊन या,” ती हसून म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक. गिटारच्या कुठल्याही वस्तूला तिने तेवीस वर्षांत हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने आणून ठेवलं ते बिस्किटांच्या जाड पत्र्याच्या डब्यातून बनवलेलं होतं. वर तीन बटणं, पायाने दाबायची एक कळ, दोन्ही बाजूंना गिटारच्या वायरी खुपसायची भोकं. कुठल्या कंपनीचं नाव नाही. कारकून समजावू लागला, “यात गिटारचा आवाज शिरला की तो थोडा थांबून परत येतो. मग परत, मग परत. हळूहळू विरत जातो. डोंगरात हाक मारल्यासारखं.”

“माहीत आहे मला,” कानवाली म्हणाली. तिचा आवाज जरा चढाच लागला.

तो गेल्यावर तिने चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. मग दिवा वाकवून जवळ ओढला.

सोल्डरचं काम हे हस्ताक्षरासारखं असतं. कोणी भरमसाट थापतो, कोणी घाई करतो. या डब्यातला प्रत्येक जोड लहान, चकचकीत, डोंगरासारखा वर निमुळता होत गेलेला होता. जोडायच्या आधी प्रत्येक तारेला तीन पीळ दिलेले होते, दोन नाही, चार नाही. आणि अर्थिंगची वायर, जी सगळे काळी घेतात, ती इथे हिरवी होती. तीन पीळ द्यायला तिनेच शिकवलं होतं. हिरवी वायर तिचीच खोड होती, कारण ती शिकत असताना दुकानात काळी नेहमी संपलेली असायची.

हे तिने एकाच माणसाला शिकवलं होतं. तिच्या पाठच्या भावाला, बारक्याला.

बारक्या तिच्याहून सहा वर्षांनी लहान. शाळेत बेताचा, पण गिटार हातात आली की वेगळाच माणूस व्हायचा. वडील पत्र्याच्या प्रेसवर कामाला होते. तीस वर्षं त्या दणदणाटात काढून त्यांचे कान गेले होते, म्हणून घरात गिटारचा त्रास फक्त आईला. कानवाली तेव्हा एका कानाच्या डॉक्टरांकडे मशीनदुरुस्ती शिकत होती. एकदा बारक्या एक फाटकं मासिक घेऊन आला. त्यात आवाज परत परत आणणाऱ्या खोक्याचा नकाशा होता. “ताई, विकत घ्यायचं म्हटलं तर या जन्मी होणार नाही. तू बनव ना. तुझ्या हाताला यश आहे.”

“लोणी नको लावूस,” ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी नकाशा उतरवायला बसली. मासिक परत द्यायचं होतं. आधी तिने पेन्सिलने कच्चा उतरवला, मग चौकटीच्या कागदावर शाईने पक्का. दीड महिना दोघांनी त्यावर घालवला. सुटे भाग जुन्या रेडिओंतून काढले. बारक्या भोकं पाडायचा, ती सोल्डर करायची, मग त्यालाही तिने शिकवलं. दोघांनी त्याला नाव दिलं, पुन्हाचं खोकं. तीन बटणांची नावंही त्यांचीच. किती उशिरा, किती वेळा, किती मोठ्याने.

ज्या दुपारी ते पूर्ण झालं त्याच दुपारी वडिलांना तिने नवीन मशीन लावून दिलं होतं. डॉक्टरांनी तिला सवलतीत दिलेलं. वडील घरभर फिरून नळाचा आवाज ऐकत होते, दाराची कडी वाजवून बघत होते, लहान मुलासारखे. खाली जिन्याखालच्या खोलीत बारक्याने गिटार आणि जुन्या रेडिओचा स्पीकर जोडला, एक तार छेडली. सूर गेला आणि परत आला. परत आला, परत आला, विरला. दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटले.

“ते मधलं फिरव,” कानवाली म्हणाली. “किती वेळा येतो बघू. पूर्ण फिरव.”

बारक्याने बटण पूर्ण फिरवलं. सूर विरायच्या ऐवजी वाढू लागला. प्रत्येक फेरीला आधीच्याहून मोठा. क्षणात त्याची किंकाळी झाली, भांडी थरथरली. बारक्या बटण उलटं फिरवत होता आणि किंकाळी थांबत नव्हती. वरून आई ओरडली, “बंद कर! त्याला सांग बंद कर!” आणि त्याच वेळी मुलांचं काय चाललंय ते ऐकायला जिना उतरत असलेल्या वडिलांनी दोन्ही हातांनी कान दाबले. कठडा सुटला.

अकरा दिवस ते दवाखान्यात होते. शुद्धीवर न येताच गेले.

घरी परतल्यावर आई एकच वाक्य बोलली, “माझ्यासमोर येऊ नकोस,” आणि ते बारक्याला होतं. तो ताईकडे बघत राहिला. ताईने आपल्या बाजूने काहीतरी बोलावं, इतकंच त्याला हवं होतं. ती म्हणाली, “तुझ्या खोक्यापायी झालं सगळं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. गिटार नव्हती आणि तो पक्का नकाशाही नव्हता. खोकं तेवढं होतं, ते आईने दगडाने ठेचलं.

आठ महिन्यांनी कानवालीला डॉक्टरांच्या दुरुस्तीच्या खोलीत ते मासिक पुन्हा दिसलं. घरी आणून तिने ते आपल्या कच्च्या नकाशाशेजारी ठेवलं, उगाच, दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. परत येणारा आवाज जिथून पुन्हा आत सोडलेला असतो तिथे त्याला लगाम म्हणून एक रेझिस्टर असतो. लगाम पुरेसा असला की आवाज प्रत्येक फेरीला थोडा थोडा लहान होत जातो. मासिकात तिथे दहाचा रेझिस्टर होता. तिने उतरवताना लिहिलं होतं एक. शून्य राहून गेलं होतं. लगाम दहापट ढिला झाला होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने सोल्डर केला होता.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, बारक्या आला की आधी त्याला सांगू, मग आईला. बारक्या आला नाही. वर्षं गेली तसं ते सांगणं जड होत गेलं, आणि मग इतकं जड झालं की उचलायचा विषयच उरला नाही. पण ते गप्प बसत नसे. बसचा ब्रेक लागला की, स्टोव्हवरची किटली बोलू लागली की, एखाद्या म्हाताऱ्याच्या कानात मशीन शिट्टी मारू लागलं की तिचा हात आपोआप कठड्याकडे जायचा. समोर कठडा नसला तरी.

आणि आता तिच्या पुढ्यात हा डबा उघडा होता.

भिंग लावून तिने ती जागा शोधली. तिथे एक रेझिस्टर नव्हता, दोन होते, एकामागे एक जोडलेले. पहिला एकचा. त्याला शेपटासारखा जोडलेला दुसरा, नऊचा. एक आणि नऊ दहा.

कुठल्याही शहाण्या माणसाने तिथे सरळ दहाचा एक लावला असता. जागा वाचते, काम वाचतं. हे असं तोच करेल ज्याच्याकडे तिचा नकाशा आहे, ज्याला त्यातली चूक सापडली आहे, आणि ज्याने ती न खोडता शेजारी तिची भरपाई केली आहे.

म्हणजे त्याला कळलं होतं.

बिघाड क्षुल्लक होता, एक वायर तुटली होती. ती तिने जोडली, तीन पीळ देऊन, आणि कारकून आला तेव्हा विचारलं, “हे कुठून घेतलंत?”

त्याने एका नदीकाठच्या गावाचं नाव सांगितलं. चार तासांचा बसचा रस्ता. “एका शिवणकामाच्या दुकानात, हो, खरंच! ब्लाउजच्या कपाटात ठेवलेली होती चार-पाच. मीही हसलो होतो.”

आईला तिने सांगितलं, सुटे भाग आणायला जाते. आईने मानही वर केली नाही.

दुकान नदीच्या पुलाजवळ होतं. पायांनी चालवायचं शिलाई मशीन, दोन कपाटं, भिंतीवर कागदी मापं टांगलेली. मशीनमागे चाळिशीतली एक बाई बसली होती. दारात उभ्या असलेल्या कानवालीचा चेहरा तिने नीट पाहिला, पाय थांबवले आणि म्हणाली, “तुम्ही ताई.”

“तो कुठे आहे?”

“आधी बसा.”

तेवढ्यावरूनच कानवालीला कळलं. ती बसली. शिलाईवालीने पाणी आणून दिलं, ते पिऊन होऊ दिलं. मग म्हणाली, “दीड वर्ष झालं. छातीत कफ धरला. चार दिवसांत आटोपलं. तुम्हाला कळवायला पत्ता होता माझ्याकडे, पण त्याने शपथ घातली होती.”

बारक्या सोळा वर्षं तिथे राहिला होता. मागची खोली भाड्याने घेतली, मग राहूनच गेला. “लोकांनी काय म्हणायचं ते म्हणून घेतलं,” शिलाईवाली म्हणाली, “मग दमले.” आधी तो लग्नाकार्यात गिटार वाजवायचा. पस्तिशीत कान जाऊ लागले तसं वाजवणं सुटलं आणि खोकी बनवणं सुरू झालं. वर्षाला दोन-तीन. आवाज बरोबर येतो का ते बघायला डबा दातांत धरायचा, म्हणजे कानाला नाही कळलं तरी थरथर दातांतून कळायची. “मी म्हणायचे, आता चावून खा एकदाचा.”

“त्याने मशीन नव्हतं लावलं कानाला?” कानवालीने विचारलं. हा तिचा धंद्याचा प्रश्न होता, तोंडातून आपोआप आला.

“लावायचा ना. ते बिघडलं की तुमच्याकडेच यायचं. पार्सलने, माझ्या नावावर. तीनदा आलं असेल. मला म्हणायचा, त्या शहरात एक बाई आहे, तिच्याइतकं हे कोणाला जमत नाही. ती बाई कोण, ते मला शेवटच्या दोन दिवसांत कळलं.”

वर्षाला शेकडो मशिनं तिच्या हाताखालून जायची. तिने आठवून बघितलं, खूप आठवून बघितलं, आणि एकही आठवलं नाही. पण त्यांतलं प्रत्येक तिने नळीला लावून ऐकलं होतं, हे नक्की. तीन वेळा तिने बारक्याच्या कानाने आपल्याच खोलीचा आवाज ऐकला होता, शिट्टी बंद झाल्याची खात्री केली होती आणि डबी बंद करून पत्ता लिहिला होता.

“त्या नकाशाबद्दल काही बोलला का कधी?”

“ताईने काढलेला आहे, म्हणायचा. त्याला हात लावायचा नाही, एवढंच. मीही नाही लावला.” शिलाईवालीने कपाटातून एक पिशवी काढली. आत एक अर्धवट डबा होता, भोकं पाडलेली, निम्मे भाग बसवलेले. सोबत सुटे भाग, आणि घडीवर झिजलेला चौकटीचा कागद. कानवालीने तो उघडला. तिचंच शाईचं रेखाटन. त्या जागी तिचाच एक. त्याच्या शेजारी पेन्सिलने, बारीक अक्षरात, अधिक नऊ. तिने कागद उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. आणखी एकही अक्षर नव्हतं.

घरी आल्यावर चार दिवस तिने पिशवी उघडली नाही. पाचव्या दिवशी सकाळी दुकानाला आतून कडी लावून ती कामाला बसली. त्याने जिथे सोडलं होतं तिथून पुढे. कुठला जोड त्याचा आणि कुठला तिचा हे तिलाही सांगता आलं नसतं, इतके ते सारखे होते. दोन सकाळी गेल्या. शेवटी ती एकच जागा राहिली. एकचा रेझिस्टर तिने लावला. नऊचा चिमट्यात धरला, आणि मग बाजूला ठेवून दिला. त्याच्या जागी नुसती एक उघडी तार पलीकडे जोडली.

कारकुनाने गिटार आणि स्पीकर उसने दिले होते. तिला वाजवता येत नव्हतं. तिने अंगठ्याने एक तार ओढली आणि मधलं बटण पूर्ण फिरवलं.

ती किंकाळी तिला तेवीस वर्षं जशी ऐकू येत होती तशी नव्हती. त्याहून खूप खालची होती, जाड, छातीत घुसणारी. टेबलावरचे स्क्रू नाचू लागले. तिने बटणाला हात लावला नाही. ऐकत बसली.

दाराची कडी बाहेरून हलली. हलत राहिली. तिने उठून दार उघडलं, तर आई. जिच्या कानात हाक शिरत नव्हती ती एक्क्याऐंशी वर्षांची बाई चौदा पायऱ्या एकटी उतरून आली होती. जमिनीतून थरथर पायांना जाणवली असणार. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“बंद कर,” ती म्हणाली. “त्याला सांग बंद कर.”

कानवालीने वायर उपटली. मग आईला आपल्या स्टुलावर बसवलं, समोर दोन्ही कागद ठेवले, कच्चा आणि पक्का, आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. एक आणि दहा. बारक्याचं नाव घेतलं. तो गेल्याचंही सांगितलं. आईला रेझिस्टर कळला नाही, पण बोटाने दाखवलेला आकडा कळला. तिने तो नखाने खरवडून बघितला.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“तो घर सोडून गेल्यावर आठ महिन्यांनी कळलं.”

आईने मनात हिशेब केला. “म्हणजे बावीस वर्षं माझ्या हातचं जेवलीस आणि हे पोटात ठेवलंस.”

तिने आवाज चढवला नाही. रडली नाही. लेकीने पुढे केलेला हात न घेता, भिंतीचा आधार घेत, एकेक पायरी करत वर गेली. त्यानंतर महिनाभर ती कामापुरतंच बोलली. दूध आलंय. गॅस बंद कर. जेवण मात्र तिने पूर्वीसारखंच दोन ताटांत वाढलं, आणि कानवालीला प्रत्येक घास मोजून गिळावा लागला.

महिन्याने एका सकाळी आई पिशवी भरून दारात उभी. “त्या बाईकडे ने मला.”

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, चार तास. शिलाईवालीने म्हातारीला बघितलं आणि काही न विचारता वाकून तिच्या पायांतल्या चपला काढल्या, हात धरून मागच्या खोलीत नेलं. दार अर्धवट लोटलं. कानवाली बाहेर बसली. आतून शिलाईवालीचा मोठा आवाज येत होता, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसा, सवयीचा. तो काय खायचा, कुठल्या कुशीवर झोपायचा, कशाला हसायचा. मध्येच आईने काहीतरी विचारलं आणि शिलाईवाली हसली, आणि मग आईही हसली असं कानवालीला वाटलं. घरात ते हसू तिने इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, म्हणून तिला खात्री देता येईना. कोणी तिला आत बोलावलं नाही.

दुपार कलल्यावर शिलाईवाली बाहेर आली. “आई म्हणतायत, त्या राहतील थोडे दिवस. त्याच्या खोलीत. तुमची हरकत नाही ना?”

“माझी कसली हरकत,” कानवाली म्हणाली.

शिलाईवाली तिला बस थांब्यापर्यंत पोचवायला आली. पुलावर वारा होता. निम्म्यात आल्यावर कानवालीने इतके दिवस दाबून धरलेलं विचारलं.

“चूक माझी होती हे त्याला कळलं होतं. मग तो आला का नाही? मला दोन शिव्या तरी घालायला यायचं.”

शिलाईवाली चालत राहिली. “मी नाही विचारलं कधी. विचारलं असतं तर तो माझ्याकडूनही निघून गेला असता, असं वाटायचं मला. माणूस असा मिळाला होता, तसाच ठेवला.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुमच्याकडून मशीन परत आलं ना, की दिवसभर कानातून काढायचा नाही. एवढं मी पाहिलंय. त्याचा अर्थ तुम्ही लावा.”

बस आली. कानवाली खिडकीशी बसली. आई तिथे तीन आठवडे राहिली, मग परत आली, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिली, शेवटपर्यंत. जाताना लेकीला सोबत घ्यायची, आत मात्र एकटी जायची. खोकं कानवालीने पूर्ण केलं की नाही, हे कारकुनाने दोनदा विचारलं. ती म्हणाली, चाललंय. नऊचा तो रेझिस्टर टेबलावर भिंगाखाली पडलेला असतो. काम करताना तिचं कोपर लागून तो कधी घरंगळतो, तेव्हा ती खाली वाकून तो शोधते आणि पुन्हा जागेवर ठेवते.